पित्त म्हणून गेलेले पाच तास

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना सगळ्यांना?

घोडबंदर रोडला राहणारे एक गृहस्थ. वय ५२, दिवसाला चार-पाच सिगारेटी. पहाटे ४ वाजता छातीत भरून आलं, दरदरून घाम सुटला. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं, त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवलं की पित्त आहे. सोडा घेतला, ओवा चावला, पाठीला बाम चोळला. साडेपाचला जरा उतार पडला. सातला पुन्हा कळ आली. मुलाचा डबा होऊ दे, मग जाऊ, असं म्हणत आठ वाजले. मग स्वतःच गाडी घेऊन निघाले आणि माजिवड्याच्या गर्दीत अडकले. माझ्यासमोर आले तेव्हा ९ वाजून गेले होते.

तो हार्ट ॲटॅक होता. ते वाचले. पण हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा भाग त्या पाच तासांत मेला. आज दोन जिने चढायचे तर त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो. मी आज बोलणार आहे ते या पाच तासांबद्दल, कारण त्यातले चार घरातच वाया गेले.

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्यावरूनच जाणाऱ्या धमन्यांमधून. शहाळ्यात घालतात त्या नळीपेक्षाही त्या बारीक असतात. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो, हे तुम्ही ऐकलेलं असतं. ऐकलेलं नसतं ते पुढचं. पुष्कळदा हा थर हळूहळू वाढून नळी बंद करत नाही. त्याच्यावरचा पातळ पापुद्रा एके दिवशी फाटतो, शरीराला ती जखम वाटते आणि तिथे रक्ताची गुठळी धरते. चाळीस टक्केच अडथळा असलेली धमनी अशी काही मिनिटांत पूर्ण बंद होऊ शकते. "डॉक्टर, गेल्या महिन्यात ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल होती, मग ॲटॅक कसा आला?" असं नातेवाईक विचारतात. तो असा येतो.

धमनी बंद झाली की साधारण वीस मिनिटं ते अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो. सहा तासांनी वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही.

आता लक्षणं. आमचे रुग्ण सहसा "दुखतंय" म्हणतच नाहीत. मूठ छातीवर ठेवतात आणि म्हणतात, "दुखत नाही हो, कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय." दुखत नाही म्हणून त्यांना तो ॲटॅक वाटत नाही. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही, खांद्यात, हातात, पाठीत, असा दाब किंवा जळजळ जाणवली, पंधरा मिनिटांत गेली नाही, आणि सोबत घाम, मळमळ किंवा धाप असेल, तर त्याला पित्त म्हणू नका. फार घाम किंवा धाप असेल तर पंधरा मिनिटंही थांबू नका. मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत काहीच न होता नुसती धाप लागते. बायकांमध्ये कधीकधी एकदम गळून गेल्यासारखं होतं, पाठ भरून येते. त्या तशाच उठून स्वयंपाकाला लागतात, आणि घरातलं कुणी विचारतही नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरी एक गोष्ट. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे ॲटॅक नाही, असं नसतं. एका रुग्णाला एका दवाखान्यातून एवढ्यावरच घरी पाठवलं होतं, दुपारी तो परत आणावा लागला. त्रास चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढायचा असतो, आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणीही काही तासांनी पुन्हा करायची असते. हे तुम्ही विचारायला संकोचू नका.

उपचार दोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, किंवा अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद धमनी आतून फुग्याने उघडणं. झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयाची धमनी फुग्याने उघडली. आज ठाण्यात हे काम रोज होतं. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर इंजेक्शन थांबवून ठेवू नये. कुठलाही उपचार पहिल्या तासात जितका गुण देतो तितका नंतर देत नाही.

म्हणून १०८ ला फोन करा. रुग्णाने जिना उतरायचा नाही, गाडी तर मुळीच चालवायची नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या, नुसती गिळू देऊ नका. शेजारच्या काकांची जिभेखालची गोळी मात्र देऊ नका. ती रक्तदाब उतरवते, आणि तो आधीच उतरलेला असला तर घात करते. आणि जोरजोरात खोकत राहा म्हणजे ॲटॅक थांबतो, असा जो संदेश फोनवर फिरतो, तो कृपा करून पुढे पाठवू नका. त्या खोकण्यात फोन करायची वेळ जाते.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर ते हृदय बंद पडणं. तिथे १०८ ला फोन करून लगेच छाती दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तळव्याखाली किती जोर लागतो ते बोलून कळत नाही. टेबलाजवळ पुतळा ठेवलाय. पहिल्या रांगेपासून एकेक जण या. गुडघे टेकवत नसतील त्यांच्यासाठी पुतळा टेबलावर ठेवू, पण हात सगळ्यांनी लावायचाय.