दुपारी बिघडणारा फोन

नमस्कार श्रोतेहो.

फोन पूर्ण बंद पडला तर एका अर्थी सोपं असतं. नेऊन द्यायचा, दुरुस्त करून आणायचा. खरी पंचाईत होते ती कधी चालणाऱ्या, कधी न चालणाऱ्या फोनची. सकाळी ठीक, दुपारी बंद, संध्याकाळी परत ठीक. वॉरंटी शिल्लक आहे, बिल हातात आहे, पण दुरुस्ती केंद्रात नेला की फोन शहाण्यासारखा चालतो आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, काहीच फॉल्ट नाही."

हे आमच्या दाजींच्या बाबतीत घडलं, ते आधी सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांची ३८ वर्षं लेथवर गेली. कान इतका तयार की मशीनच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगतील. त्यांनी दिवाळीच्या पाडव्याला राजारामपुरीतून नवा फोन घेतला, स्वतःच्या पैशानं आणि स्वतः निवडून. (आपल्याकडं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात पोरांचा टाकलेला फोन द्यायची पद्धत पडलीय, ती मला अजिबात पटत नाही. ज्या माणसानं घर उभं केलं त्याला स्क्रीनला तडा गेलेला फोन का?) असो. हिवाळाभर फोन उत्तम चालला. चैत्र सरता सरता तक्रार सुरू झाली. बोलता बोलता कॉल तुटायचा, वरच्या रेंजच्या काड्या जायच्या आणि फोन दाखवायचा, सिम नाही. अर्ध्या-पाऊण तासानं सगळं आपोआप सुरळीत.

पहिल्या खेपेला दुरुस्ती केंद्रानं फोन दोन दिवस ठेवून घेतला, सॉफ्टवेअर नवं करून परत दिला. चार दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला सगळा फोन पुसून कोरा केला. त्यात नातीच्या बारशाचे फोटो गेले. त्याआधी कुणी विचारलं नाही, की फोटो कुठं उतरवून घेतलेत का. ताई दोन दिवस जेवली नाही नीट. तिसऱ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या घरातच रेंज नसेल." दाजी घरी आले ते लाल होऊन. "चार दिवस झालं नुसता हेलपाटा. मी काय खोटं सांगालोय व्हय?"

आणि इथं आमची भाची पुढं झाली. बारावीची परीक्षा देऊन घरी बसली होती. तिनं शाळेच्या जुन्या रजिस्टरची उरलेली पानं काढली आणि तीन रकाने आखले. तारीख, वेळ, आणि त्या वेळी फोन काय करत होता. एवढंच. श्रोतेहो, हे तीन रकाने लक्षात ठेवा. तारीख, वेळ, आणि त्या वेळी फोन काय करत होता.

बारा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. आठ नोंदी दुपारी बारा ते चारमधल्या. गोकुळ शिरगावला जाताना गाडीला लावून रस्ता बघत होते तेव्हा. गच्चीवर उन्हात उभं राहून बोलत होते तेव्हा. पण नववी नोंद रात्री नऊची! म्हणजे दुपारचा दोष म्हणावा तर तो रात्री कसा आला? पोरीनं तिसरा रकाना वाचला. फोन चार्जिंगला लावलेला, आणि त्याच वेळी पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलणं चाललेलं. चार्जिंग आणि व्हिडिओ कॉल एकाच वेळी म्हटल्यावर फोन तापणारच. म्हणजे दोष घड्याळाचा नव्हता, उष्णतेचा होता.

पोरीनं आणखी एक केलं. बाबांचं सिम दोन दिवस स्वतःच्या फोनमध्ये घातलं, आणि तिचं सिम बाबांच्या फोनमध्ये. बाबांचं सिम तिच्या फोनमध्ये भर दुपारीही व्यवस्थित चाललं. तिचं सिम बाबांच्या फोनमध्ये गेल्यावर मात्र तेच, सिम नाही. घर तेच, रेंज तीच. म्हणजे सिमवरचा आणि कंपनीच्या टॉवरवरचा संशय गेला. दोष फोनच्याच पोटात.

तिनं हे वाचून दाखवलं तेव्हा दाजी कप बशीत ठेवून म्हणाले, "अगं पोरी, हे तर बेअरिंगचं झालं. थंड असताना शाफ्ट बोटानं फिरतो, तापला की धरतो. मशीन थंड असताना तपासलं तर काय घावणार?"

तीन खेपांत काय चुकत होतं ते त्या एका वाक्यात आलं. दुरुस्ती केंद्र थंडगार, वातानुकूलित. तिथं पोहोचेपर्यंत फोन थंड झालेला. थंड फोन थंड खोलीत तपासला, तर दोष दिसेल कसा?

चौथ्या खेपेला दाजी वही घेऊन गेले. भाचीनं तिच्या फोनवर काढलेली चित्रफीतही होती, त्यात दाजींचा फोन, त्यावरचं सिम नाही, आणि मागं भिंतीवरचं घड्याळ. त्यांनी काउंटरवर वाद घातला नाही. आतल्या कारागिराला भेटायला मागितलं. मुलगा तरुण होता, पण वही बघून खुर्चीतून उठला. दाजी म्हणाले, "साहेब, याला चार्जिंगला लावा, कॅमेरा चालू ठेवा, आणि एसीच्या बाहेर न्या." त्यानं जिन्यातल्या प्लगला फोन लावला. दाजी पायरीवर बसून राहिले. बाविसाव्या मिनिटाला फोननं दाखवलं, सिम नाही. तो मुलगा म्हणाला, "काका, आता मी लिहून देतो." फोनच्या आतला मुख्य बोर्ड बदलायचा ठरला. अकरा दिवसांनी फोन आला, एक रुपया न घेता. परत येताना दाजी लक्ष्मीपुरीत उतरून पेढे घेऊन आले. पहिला पेढा पोरीच्या हातात.

माझं तर मत आहे, की शाळेत मुलांना निरीक्षणाची वही लिहायला लावलीच पाहिजे, हातानं, पेननं. पाऊस कधी आला, गोठ्यातल्या गाईनं दूध किती दिलं, काहीही. आमच्या आजोबांच्या गुऱ्हाळाच्या वहीत उसाच्या गाडीपासून गुळाच्या ढेपेपर्यंत सगळं लिहिलेलं असे. ती सवय सुटलीय, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आता थोडक्यात कारण. फोनच्या बोर्डावर चिप्स शिशासारख्या धातूच्या बारीक थेंबांनी डाक देऊन बसवलेल्या असतात. कधी फोन पडतो आणि त्या डाकेला केसाएवढी चीर जाते. थंड असताना चीर मिटलेली असते, तापल्यावर उघडते. हे एक कारण. दुसरं, आपणच टाकलेलं एखादं ॲप. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेफ मोड असतो, त्यात आपण टाकलेली ॲप्स बंद राहतात. तिथं फोन नीट चालला तर आधी ॲपवर संशय घ्या. एक सांभाळा, दोष दाखवायच्या नादात फोन मुद्दाम उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायरनं तापवू नका. आत लिथियमची बॅटरी आहे. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग तिथंच थांबवा.

फोन देताना फोटो उतरवून घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. बोर्ड बदलला की त्यावरची साठवण जाते, कारण फोटो त्या बोर्डावरच असतात. जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याचा कागद घ्या, आणि त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "फोन खराब" नको. "चार्जिंगला लावून व्हिडिओ चालू असताना वीस-पंचवीस मिनिटांत सिम जातं" असं लिहा. दोष सापडला नाही म्हणून परत दिला तरी प्रत्येक खेपेची जॉबशीट मागून घ्या. तीन खेपांच्या तीन. बिलाची झेरॉक्स आजच काढा, ते गुळगुळीत कागदावरचं बिल दिवसांगणिक पुसट होत जातं.

एवढं करूनही कुणी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुन्हा सांगतो, एक नऊ एक पाच. आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

बोर्ड बदलून फोन हातात आला, की तिथंच काउंटरवर उभं राहून स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसेल. नव्या बोर्डाबरोबर तो बदललेला असू शकतो. जॉबशीटवरचा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळवा, जुळला नाही तर तिथंच दुरुस्त करून घ्या, आणि तो कागद बिलाला टाचून ठेवा. दाजींनी त्या नऊ नोंदींच्या पानालाच टाचलाय.

नमस्कार.