वॉशिंग्टनची अट, गोकुळनगरची गल्ली

(दृश्य : सांगली, गोकुळनगर. दुपार. दोन बायका खोक्यातले कंडोम घेऊन दारोदार फिरताहेत.)

या दोघी शरीरविक्रीचा धंदा करतात, आणि वस्तीत कंडोमही वाटतात. कुठल्या दारात किती द्यायचे, नवीन कोण राहायला आलंय, ताप अंगावर काढून कोण घरात बसलंय, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. वस्तीतल्या बायकांनीच वस्तीला एड्सपासून सावध करायचं, याच पायावर 'संग्राम' संस्थेनं 1992 पासून इथलं काम उभं केलं. पुढे 1996 साली या बायकांनी स्वतःची संघटना काढली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सगळे तिला 'व्हॅम्प' म्हणतात.

(दृश्य : वॉशिंग्टन. संसदभवनाचा घुमट. जुनं चित्रण.)

या कामाला मिळणाऱ्या अमेरिकी पैशावर एक अट आली. ती मात्र सांगलीपासून फार लांब तयार झाली.

अमेरिकेतले इव्हँजेलिकल ख्रिस्ती बायबलचा शब्द प्रमाण मानतात. येशूवर श्रद्धा ठेवली की माणसाचा नवा जन्म होतो, अशी त्यांची धारणा. एड्सची साथ आली तेव्हा त्यांच्यातल्या काही बड्या धर्मोपदेशकांनी तिला देवाची शिक्षा म्हटलं. सिनेटर जेसी हेल्म्स तर एड्सवरच्या खर्चाला वर्षानुवर्षं आडवे आले.

(दृश्य : परिषदेचं सभागृह. व्यासपीठावर हेल्म्स.)

फेब्रुवारी 2002. प्रसिद्ध इव्हँजेलिकल धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांचे चिरंजीव फ्रँकलिन ग्रॅहम यांच्या संस्थेनं वॉशिंग्टनमध्ये एड्सवर परिषद भरवली. तिथे ऐंशी वर्षांच्या हेल्म्स यांनी कबूल केलं की या आजारासाठी आपण फार कमी केलं, त्याची लाज वाटते. त्यांचा चेहरा नीट पाहा. माणूस इतका बदलला तो श्रद्धेमुळेच, आणि हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

(दृश्य : 28 जानेवारी 2003. संसदेत जॉर्ज बुश. सदस्य उभे राहून टाळ्या वाजवताहेत.)

त्यानंतर वर्षभरातच बुश यांनी पाच वर्षांसाठी 15 अब्ज डॉलर जाहीर केले. आफ्रिकेत तेव्हा सुमारे तीन कोटी लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती, आणि औषध मिळत होतं जेमतेम 50 हजारांना. बुश यांचे भाषणलेखक मायकेल गर्सन स्वतः इव्हँजेलिकल. योजनेसाठी आतून जोर लावणाऱ्यांत ते होते. 'पेपफार' या नावानं ती योजना जगभर गेली आणि तिनं लाखो जीव वाचवले.

(दृश्य : कायद्याची पानं. दोन कलमांवर कॅमेरा थांबतो.)

कायदा झाला मे 2003 मध्ये. त्यात दोन कलमं शिरली. प्रतिबंधावरच्या पैशातला तिसरा हिस्सा 'लग्नापर्यंत संयम' शिकवण्यासाठी राखून ठेवायचा, हे एक. दुसरं सांगलीपर्यंत पोचलं : पैसा हवा असेल तर संस्थेनं आपण वेश्याव्यवसायाच्या आणि माणसांच्या खरेदी-विक्रीच्या विरोधात आहोत असं लेखी धोरण घ्यायचं. यामागे इव्हँजेलिकल होते तसे कॅथलिक खासदारही होते.

(दृश्य : 'व्हॅम्प'ची बैठक. बायका सतरंजीवर बसल्या आहेत.)

माणसांच्या खरेदी-विक्रीला या बायकांचा विरोधच आहे. पण धंद्याविरुद्ध सही करायची म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येकीविरुद्ध सही करायची. ज्यांच्या भरवशावर कंडोम दारोदार पोचतात, त्यांनाच चुकीचं ठरवायचं. 2005 मध्ये 'संग्राम'नं सही नाकारली आणि अमेरिकी पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझील सरकारनं याच अटीपायी सुमारे चार कोटी डॉलर नाकारले. सांगलीच्या बायका आणि एका देशाचं सरकार एकाच निर्णयावर आले, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

(दृश्य : गोकुळनगर, रात्र. बंद दारं.)

मे 2005 मध्ये एका अमेरिकी ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकारानं पोलिसांनी इथे छापा घातला. पुढे 'संग्राम'वर मुलींच्या सुटकेत अडथळा आणल्याचा आरोप झाला, तो संस्थेनं फेटाळला.

(दृश्य : अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. पायऱ्या.)

2013 मध्ये न्यायालयानं अमेरिकी संस्थांना या अटीतून मोकळं केलं. 2020 मध्ये परदेशी संस्थांचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालय म्हणालं की अमेरिकी राज्यघटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य त्यांना लागू होत नाही. अट त्यांच्यापुरती कायम राहिली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतच रोखली, आणि औषधांच्या रांगेतल्या माणसांनाही त्याची झळ बसली.