सव्वाचारची डुलकी

(दृश्य : पहाटेचा चौक, कंपनीच्या बस, हातात डबे)

हे विठोबाचं पंढरपूर नाही, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीच्या तोंडावरचं पंढरपूर. सकाळचे साडेसहा झालेत. थर्ड शिफ्ट सुटायला अर्धा तास आहे आणि फर्स्टवाले चौकात बसची वाट बघतायत. गंगापूर, वैजापूर, पैठण, काही तर थेट परभणी-हिंगोलीकडचे. १९८५ मध्ये इथे बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारी वर्कशॉप आली, आणि कोरडवाहू रानातली पोरं 'कंपनीत लागली'. गावाकडे सोयरिकीची बोलणी सुरू झाली की आजही आधी विचारतात, परमनंट आहे का?

(दृश्य : प्रेस शॉप. पत्रा आत, तुकडा बाहेर)

ही पॉवर प्रेस. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा आणि दोन हातांनी दोन बटणं एकदमच दाबायची. एका बटणावर मशीन चालतच नाही. दोन्ही हात बटणांवर असले, म्हणजे डायखाली कुठलाच राहत नाही. अशा ठिकाणी डुलकी लागणं ही साधी गोष्ट नाही, हे इथला प्रत्येक माणूस मान्य करतो.

एका रात्री सव्वाचार वाजता या प्रेसचा ऑपरेटर या खोक्यांवर झोपलेला सापडला. सुपरवायझरनं मोबाईलवर फोटो काढला. सकाळी एचआरच्या टेबलावर मेमो.

असे मेमो पुष्कळदा गेटवरच संपतात. 'उद्यापासून येऊ नको.' इथे तसं झालं नाही, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन आलो.

(दृश्य : आरोपपत्र, अगदी जवळून)

हा कागद नीट वाचा. तारीख, पाळी, मशीनचा नंबर, वेळ, स्थायी आदेशातलं, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांतलं, कलम. 'शिस्त मोडली' एवढंच लिहून हात झटकलेले नाहीत. आरोपच मोघम असेल तर माणसानं खुलासा कशाचा द्यायचा? निलंबन झालं, पण निर्वाह भत्ता चालू राहिला. पहिले ९० दिवस निम्मा पगार. कामगाराचा दोष नसताना चौकशी लांबली, तर पुढे पाऊण. हा भत्ता म्हणजे मालकाची मेहेरबानी नाही, कायद्यानं तो द्यावाच लागतो. तो थांबला तर इथल्या शेजारच्या रांजणगावातली भाड्याची खोली सोडून माणूस गावी जातो, आणि चौकशीच्या तारखेला खुर्ची रिकामी राहते.

(दृश्य : कॅन्टीनवरची खोली. लांब टेबल, पंखा, फायली)

चौकशी या खोलीत झाली. एका बाजूला व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, समोर ऑपरेटर आणि त्यानं स्वतः निवडलेला सहकारी. मधोमध चौकशी अधिकारी. बाहेरचे वकील आहेत, कारखान्याचे नोकर नाहीत. सगळं कामकाज मराठीत. प्रश्न जसा विचारला तसा, उत्तर जसं दिलं तसं. प्रत्येक पानाखाली सह्या. ऑपरेटरची सही बघा. एकेक अक्षर सुटं काढलेलं आहे, आणि सही करण्याआधी तो पान पूर्ण वाचतो.

उलटतपासणीत सहकाऱ्यानं सुपरवायझरला विचारलं, "त्या दिवशी हा कितव्या शिफ्टला आला होता?"

"थर्डला."

"साहेब, पंचिंगचा कागद मागवा की."

(दृश्य : टाइम ऑफिसचा कागद, एका ओळीवर बोट)

आत येण्याची वेळ दुपारी २ वाजून ५२ मिनिटं. तो सेकंड शिफ्टला आला होता. रात्री त्याचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला त्याची जागा घेणारा माणूस, आला नाही, म्हणून त्याला थांबवून घेतलं. थांबवून घेणारा हाच सुपरवायझर. सव्वाचार वाजले तेव्हा त्याला आत येऊन तेरा तास उलटून गेले होते. १९४८ च्या कारखाने कायद्यानं दिवसाच्या कामाला ९ तासांची मर्यादा घातली होती.

झोपेला माफी आहेच, असं आम्ही म्हणत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामावर झोपलेल्या पुण्याकडच्या एका कामगाराची बडतर्फी कायम ठेवली. त्याच्यावर आधी तीनदा कारवाई झालेली होती. मागचं रेकॉर्ड बघायचं असतं ते यासाठी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात उलट बाजूही लिहिलेली आहे : किरकोळ चुकीसाठी, मागची नोकरी न बघता, ऐकून धक्का बसावा इतकी मोठी शिक्षा देणं ही अनुचित कामगार प्रथा. या ऑपरेटरच्या फाईलमध्ये नऊ वर्षांत एकच मेमो होता, तोही उशिरा आल्याचा.

लेखी ताकीद मिळाली, तो कामावर परत आला. त्याच प्रेसवर पत्रा पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना मात्र आरोपपत्रसुद्धा मिळत नाही, ठेकेदाराचा फोन येतो.

आम्ही प्रेस शॉपमध्ये बऱ्याच जणांशी बोललो. पगाराबद्दल कमी बोलले. 'आम्हाला कुणी विचारतच नाही' हे जवळजवळ सगळेच म्हणाले. ऑपरेटरला चौकशीतलं काय लक्षात राहिलं, असं विचारलं, तर म्हणाला, "माझं उत्तर मी सांगितलं तसंच लिहिलं."

(दृश्य : प्रेस शॉपच्या भिंतीवरचा फळा)

हा फळा त्यानंतर लागला. रिलीव्हर आला नाही तर रात्री कुणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर खडूनं लिहिलेलं आहे. दर सोमवारी सुपरवायझर स्वतः ते पुसून नवं लिहितो.

(दृश्य : ऑपरेटरचे दोन हात, दोन बटणं. फक्त मशीनचा आवाज. निवेदन नाही.)