परदेशातून सुटे भाग मागवताना उत्तर का मिळत नाही

मंडळी, एखाद्या ग्राइंडरचं आर्मेचर, म्हणजे मोटरमधला तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, जळतं. बाकी गिअर, बॉडी, स्विच, वायर सगळं ठणठणीत असतं. माणूस कंपनीच्या मुख्यालयाला लिहितो आणि उत्तर येतं, "आपल्या भागातल्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा." विक्रेता म्हणतो, "हे मॉडेल आमच्या यादीतच नाही." पुन्हा मुख्यालयाला लिहिलं की तेच उत्तर अक्षरशः पुन्हा येतं. आठवडे जातात आणि शेवटी चांगलं यंत्र भंगारात जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच वेळा तो भाग कुठल्यातरी गोदामात पडलेला असतो.

हे चक्र का चालतं ते आधी पाहू. मोठ्या हत्यार कंपन्यांनी जग विभागांत वाटून दिलेलं असतं. प्रत्येक विभागाचा वितरक, किमती, वॉरंटी आणि विजेचं प्रमाणपत्र वेगळं. मुख्यालयाचा ग्राहक विभाग सहसा थेट भाग विकतच नाही, त्याला तो अधिकार नसतो. शिवाय समोर बसलेल्या माणसाने तुमचं यंत्र बहुधा कधी हातात धरलेलं नसतं. त्याच्या पडद्यावर एक चौकट असते, तिच्यात नंबर टाकायचा. नंबर जुळला तर उत्तर, नाही जुळला तर ठरलेला मजकूर. "बटण दाबलं की आवाज येतो पण फिरत नाही" हे कितीही तपशिलात लिहिलं तरी ते त्या चौकटीत बसत नाही.

म्हणून कंपनीकडे विक्री मागू नये. तिला दोनच गोष्टी विचाराव्यात: माझ्या यंत्राला कोणता पार्ट नंबर लागतो, आणि तो अजून बनतो का. खरेदीसाठी वेगळी दारं आहेत, ती म्हणजे फक्त सुटे भाग विकणारे व्यापारी. त्यांचं पोट नंबरांवरच चालतं, त्यामुळे ते नंबराचं उत्तर देतात.

आता नंबर कसा काढायचा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्म्याहून अधिक घोळ इथेच होतो. मॉडेलचं नाव पुरेसं नसतं. एकाच नावाचं ड्रिल दहा वर्षं विकलं जातं आणि आतून तीन वेळा बदलतं. डीवॉल्टच्या नेमप्लेटवर मॉडेलशेजारी "टाइप" आणि एक आकडा असतो. टाइप एक आणि टाइप तीनचे भाग वेगळे असू शकतात. बॉशच्या हत्यारांवर दहा आकडी नंबर असतो आणि भागांची यादी त्या नंबराने शोधायची, पेटीवरच्या मोठ्या नावाने नाही. मॉडेलच्या मागे लागलेलं अक्षरही सोडू नये, कारण कधी ते देश सांगतं, कधी व्होल्टेज, तर कधी नुसतं पेटीसोबत काय आलं होतं ते. नेमप्लेट आधी ओल्या फडक्याने पुसावी, मग बॅटरीचा प्रकाश तिरका पाडून फोटो घ्यावा. झिजलेले आकडे तिरक्या उजेडात दिसतात.

कंपन्यांची नावं बदलतात हेही ध्यानात ठेवा. हिताची कोकी या कंपनीचं नाव २०१८ मध्ये बदललं. तिची हत्यारं आता बहुतेक ठिकाणी हायकोकी नावाने मिळतात आणि उत्तर अमेरिकेत मेटाबो एचपीटी नावाने. "हिताची" शोधून काही सापडलं नाही म्हणजे भाग संपला असं नव्हे. उलट एकाच कारखान्यातलं यंत्र अनेक नावांनीही विकलं जातं. चीनच्या सीग कारखान्याचा छोटा लेथ जगभर वेगवेगळ्या रंगांत आणि नावांत मिळतो. त्याच्या भागांसाठी विक्रेत्याच्या नावापेक्षा मूळ मॉडेलचं नाव जास्त कामाला येतं.

याच लेथचा हाफ नट, म्हणजे लीड स्क्रू या लांब आट्यांच्या दांड्यावर मिटणारा दोन अर्ध्यांचा नट, मागवताना होणारी चूक पाहण्यासारखी आहे. या लेथचा लीड स्क्रू दोन प्रकारांत येतो: १.५ मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर), आणि इंचाला १६ आट्यांचा, म्हणजे १.५८७५ मिलिमीटर पिचचा. फरक एका आट्याला ०.०८७५ मिलिमीटर, डोळ्याला दिसणारच नाही. पण आठ आट्यांत तो ०.७ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ अर्धी पिच. परिणामी चुकीचा हाफ नट हातात सारखाच दिसतो, स्क्रूवर ठेवला की दोन-तीन आटे बसल्यासारखे वाटतात आणि दांडी दाबली की नट पूर्ण मिटत नाही. जोर लावला तर नटाचे मऊ आटे खरवडले जातात, आणि खरवडलेला भाग कोणी परत घेत नाही. ऑर्डर करण्याआधी व्हर्निअरने दहा आट्यांचं अंतर मोजा. १५.० मिलिमीटर आलं तर मेट्रिक, जवळपास १५.९ आलं तर इंच. एवढं माप पत्रात लिहिलं की विक्रेत्याला अंदाज बांधावा लागत नाही. ग्राइंडरची चकती बसते त्या दांड्याचं, म्हणजे स्पिंडलचंही असंच आहे. काही देशांत तो एम१४, म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचा, पिच दोन मिलिमीटर असतो, तर काही ठिकाणी पाच-अष्टमांश इंच, इंचाला अकरा आटे. एकाचा फ्लँज नट, म्हणजे चकती आवळणारा नट, दुसऱ्याला चालत नाही, आणि चकती दर मिनिटाला हजारो फेरे घेत असताना इथे तडजोड करायची नसते.

मग व्होल्टेज. १२० व्होल्टच्या आणि २३० व्होल्टच्या यंत्राचं आर्मेचर आकाराने तंतोतंत सारखं असू शकतं. फरक वळशांचा आणि तारेच्या जाडीचा. १२० चं आर्मेचर २३० वर बसवलं की काही वेळातच धूर. म्हणून आर्मेचर, फील्ड कॉइल (आर्मेचरभोवतीची स्थिर गुंडाळी) आणि वेग बदलणारा स्विच या तीन गोष्टींच्या ऑर्डरमध्ये व्होल्टेज लिहिलंच पाहिजे. कार्बन ब्रश (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) असलेल्या मोटरला ५० किंवा ६० हर्ट्झने फारसा फरक पडत नाही, ब्रश नसलेल्या इंडक्शन मोटरला पडतो. ६० हर्ट्झवर ३४५० फेऱ्यांनी फिरणारी मोटर ५० हर्ट्झवर साधारण २८५० वर येते. तेव्हा नुसती मोटर न बदलता पुलीचाही हिशेब करावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जुना नंबर रद्द होऊन त्याजागी नवा येतो. विक्रेत्याची संगणकप्रणाली तो आपोआप बदलते आणि तुम्हाला सांगतही नाही. बऱ्याचदा नवा भाग सरळ बसतो. पण गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, म्हणजे पिनिअन, यांची जोडी असेल तर दातांची संख्या किंवा तिरपेपणा बदललेला असू शकतो, मग एकटा गिअर बसत नाही, जोडीच घ्यावी लागते. नवा नंबर दिसला की विचारा: हा एकटा चालतो का, की सोबतचा भागही बदलायचा? मागितलेल्या भागापेक्षा वेगळा दिसणारा भाग आला की लोक विक्रेत्यावर चिडतात, आणि चूक बहुधा या न विचारलेल्या प्रश्नात असते.

काही भाग परदेशातून मागवूच नयेत. बेअरिंग हा त्यातला पहिला. कंपनीच्या पाकिटातलं बेअरिंग बहुतेक वेळा प्रमाणित आकाराचंच असतं आणि नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. ६०८ म्हणजे आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिलिमीटर. ६२०१ म्हणजे १२, ३२, १०. नंबरामागे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टू आरएस असेल तर रबराची. धूळ उडणाऱ्या हत्याराला रबरवालं बरं. कार्बन ब्रशही मापाने मिळतात: जाडी, रुंदी, लांबी, मागची स्प्रिंग आणि तार कशी जोडली आहे ते पाहायचं. झिजल्यावर आपोआप वीज तोडणारा ब्रश असेल तर त्यात स्प्रिंगची बारीक पिन असते, तो प्रकार वेगळा सांगावा लागतो.

आता पत्र. विषयाच्या ओळीत पार्ट नंबर आणि नग लिहा. मजकुरात पाच-सहा छोटी वाक्यं पुरतात: यंत्राचा पूर्ण नंबर, भागाचा नंबर, कंपनीच्या भागांच्या आकृतीत त्याला दिलेला क्रमांक, नग, पोचवण्याचा देश आणि पिन कोड. एका वाक्यात एकच प्रश्न. तीन प्रश्न एकत्र विचारले की पहिल्याचंच उत्तर येतं, हे सगळीकडे सारखंच. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा विचारावा: "हा भाग आज तुमच्या स्वतःच्या शेल्फवर आहे का, की ऑर्डर आल्यावर तुम्ही मागवणार?" संकेतस्थळावरच्या "उपलब्ध" या शब्दाचा अर्थ पुष्कळदा "वितरकाकडे असावा" इतकाच असतो. पैसे कापले जातात आणि महिनाभराने "मागणी प्रलंबित" असा निरोप येतो. ही फसवणूक नसेलही, पण ग्राहकाला आधी न सांगणं हा सरळ निष्काळजीपणा आहे.

पैसे भरल्यावर ऑर्डर अचानक रद्द झाली तर कार्डाचा देश आणि पोचवण्याचा देश वेगळे पडल्याने यंत्रणेने ती अडवलेली असू शकते. तेव्हा बँकेत दिसणारी रक्कम बहुधा फक्त रोखून धरलेली असते आणि काही दिवसांत सुटते. दुसऱ्या देशातला पत्ता पुरवून माल पुढे पाठवणाऱ्या कंपन्या असतात. त्यांचा उपयोग होतो, पण माल त्या पत्त्यावर पोचला की विक्रेत्याची जबाबदारी बऱ्याचदा तिथेच संपते.

भाड्याचा आकडा पाहून धक्का बसतो, त्याचं कारण वजन नसून आकार असतो. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ११० बाय १५ बाय १० सेंटिमीटरचं खोकं ३.३ किलो धरलं जातं, आत एक किलोची पट्टी असली तरी. ऑर्डरआधी खोक्याची मापं मागा. बॅटरीचा मामला आणखी कडक आहे. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मालवाहू विमानात नेताना त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असता कामा नयेत. त्यामुळे बॅटरीची ऑर्डर गुपचूप रद्द होते. हत्यार आणि बॅटरी एकत्र असतील तर नियम वेगळे, म्हणून कधीकधी पूर्ण संच येतो पण सुटी बॅटरी येत नाही.

कस्टममध्ये माल अडकतो तो बहुधा इन्व्हॉइसच्या मोघम वर्णनामुळे. "मशीन पार्ट" असं लिहू देऊ नका. "विजेच्या हातड्रिलचा पोलादी गिअर, पार्ट नंबर अमुक, नग एक, किंमत तमुक" असं लिहायला सांगा. कस्टमसाठी मालाला जो वर्गीकरण क्रमांक असतो, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. विजेच्या हातहत्यारांच्या भागांना साधारणपणे ८४६७.९९ लागतो, बॉल बेअरिंगला ८४८२.१० आणि कार्बन ब्रशला ८५४५.२०. किंमत कमी दाखवायला किंवा "भेटवस्तू" लिहायला सांगू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच मिळते. चुकीच्या भागाच्या बदल्यात फुकट येणाऱ्या भागाच्या इन्व्हॉइसवरही शून्य लिहून चालत नाही. "वॉरंटीतला बदली भाग, किंमत फक्त कस्टमसाठी" असं लिहून खरी किंमत दाखवावी लागते. आणि कर कोण भरणार हे आधी ठरवा. इन्व्हॉइसवर डीडीपी (कर भरून पोचता) असेल तर विक्रेता भरतो, डीएपी (कर न भरता पोचता) असेल तर तुम्ही, शिवाय कुरिअरचं हाताळणी शुल्क वेगळं.

ट्रॅकिंगमध्ये "लेबल तयार झालं" दिसलं म्हणजे माल निघाला असं नाही. पहिलं खरं स्कॅन होईपर्यंत तो विक्रेत्याच्या टेबलावरच धरावा. टपालाचा आंतरराष्ट्रीय नंबर तेरा खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, पुन्हा दोन अक्षरं. शेवटची दोन अक्षरं पार्सल कुठल्या देशाच्या टपालात पडलं ते सांगतात. विक्रेता एका देशात असल्याचं भासवतो आणि अक्षरं दुसऱ्याच देशाची दिसली, तर उशिराचं कारण तिथेच समजतं.

पार्सल आलं की फोडण्याआधी सहा बाजूंचे फोटो, मग पाकिटावरच्या नंबराचा फोटो, मग जुन्या भागाशेजारी ठेवून फोटो. भाग बसवून पाहण्याआधी मोजा. ग्रीस लागलेला भाग परत घेतला जात नाही.

चुकीचा भाग आला, किंवा आलाच नाही, तर मुदतींवर लक्ष ठेवा, कारण "आणखी दोन आठवडे थांबा" असं सांगत राहणाऱ्या विक्रेत्याचा फायदा त्यातच असतो. टपालाची चौकशी पार्सल टाकल्यापासून सहा महिन्यांत व्हावी लागते आणि ती सहसा पाठवणाऱ्यानेच करायची असते. ती केल्याची पावती त्याच्याकडून मागा. कार्डाच्या बँकेकडे तक्रार करायला बहुतेक प्रकरणांत साधारण १२० दिवस असतात. पेपॅलवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद नोंदवता येतो, पण नोंदवल्यावर २० दिवसांत तो पुढच्या टप्प्यावर नेला नाही तर आपोआप बंद होतो. बोलणी याच काळात रेंगाळत ठेवली जातात. कॅलेंडरवर या तारखा ऑर्डरच्याच दिवशी लिहून ठेवा.

कंपन्यांकडून याहून बरं वागणं अशक्य नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एका नियमाने वेल्डिंग यंत्रांच्या उत्पादकांना ठरावीक सुटे भाग त्या मॉडेलचं शेवटचं यंत्र बनल्यानंतर किमान दहा वर्षं ठेवणं आणि पंधरा कामाच्या दिवसांत पोचवणं बंधनकारक केलं आहे. वेल्डिंगच्या यंत्रासाठी जमतं ते ग्राइंडर-ड्रिलसाठीही जमायला हवं. निदान आकृती आणि नंबरांची यादी खुली ठेवायला तर फारसा खर्चही येत नाही. तुम्ही जेव्हा कंपनीला लिहाल तेव्हा भागाच्या प्रश्नाखाली ही मागणीही एका वाक्यात जोडा. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी नेमप्लेटचे फोटो आणले आहेत त्यांनी ते आधी पुढे द्यावेत.