मिठाच्या जागी काय?

नमस्कार श्रोतेहो. दुखण्याखुपण्याचं चॅटजीपीटीला, म्हणजे प्रश्नांची उत्तरं लिहून देणाऱ्या एआय अॅपला, विचारावं का? विचारावं. पण काय विचारू नये, ते एका मिठाच्या गोष्टीतून ऐका.

अमेरिकेतले 60 वर्षांचे एक गृहस्थ. मीठ वाईट, हे वाचलेलं. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड, तर त्यातलं क्लोराईडच जेवणातून घालवायचं, असं त्यांनी ठरवलं. चॅटजीपीटीला विचारलं, सोडियम ब्रोमाईड हे खाण्यासाठी नसलेलं रसायन ऑनलाईन मागवलं, आणि 3 महिने मिठाऐवजी तेच खाल्लं! मग ‘शेजारी माझ्यावर विषप्रयोग करतोय’ म्हणत दवाखाना गाठला. तहानेनं जीव कासावीस, पण दिलेलं पाणी प्यायची भीती. भास सुरू झाले. रक्ताच्या तपासणीत क्लोराईड भलतंच वाढलेलं. यंत्र ब्रोमाईडलाच क्लोराईड समजून मोजत होतं. ब्रोमाईड निघालं लिटरला 1700 मिलिग्रॅम, म्हणजे त्याचीच विषबाधा. एरवी ते 7.3 च्या आतच असतं. 3 आठवडे दवाखान्यात काढावे लागले. 2025 मध्ये डॉक्टरांनी ही हकीकत छापली. त्यांनी स्वतः चॅटजीपीटीला विचारून पाहिलं, क्लोराईडच्या जागी काय? उत्तरात ब्रोमाईड आलंच. ‘कशाला हवंय?’ हा उलट प्रश्न मात्र आला नाही. कशाला हवंय, हे आपला गल्लीतला किराणावालासुद्धा विचारतो.

मग उपयोग कुठे? मिरजेच्या दवाखान्यातून घरी येताना हातात इंग्रजी डिस्चार्ज कार्ड पडतं, तिथे. सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा मराठीत होतो, मग आजीच्या गोळ्या मराठीत का लिहू नयेत? लिहायलाच हव्यात. तोवर कार्डावरचं नाव, फोन नंबर वगळून बाकी मजकूर चॅटजीपीटीत टाईप करा आणि सांगा, ‘सोप्या मराठीत लिही, आकडे बदलू नको.’ ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना, ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच, हे ते छान उलगडतं.

पण आकडे मूळ कागदाशी ताडून बघा. पुन्हा सांगतो, आकडे ताडून बघा. हे अॅप शब्दामागे शब्द जुळवतं, चुकलेला शब्दही तितक्याच ठामपणे लिहितं. थायरॉईडच्या गोळीत मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं, की डोस हजारपट. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिथे ‘रोज’ आलं, तर जिवावर बेतेल. म्हणून गोळी घेण्याआधी कार्ड आणि स्ट्रिप औषधाच्या दुकानात दाखवा, आणि वार कोणता, तो त्यांच्याकडूनच पेनानं लिहून घ्या.