किल्ली कोणाच्या मालकीची?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘किल्ली कोणाच्या मालकीची?’ आणि त्याचं उत्तर मी आज देणार आहे. पण आधी माझ्या गाडीची हकीगत सांगू द्या, कारण हा प्रश्न मला पडला तो तिच्यामुळे.

सुरुवातीला तुम्हालाच विचारते. सेल मारला, इंजिन लागलं आणि दोन सेकंदांत गप्प झालं, असा अनुभव कोणाकोणाला आलाय? हात वर करा. बरेच आहेत. आता, त्या वेळी डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत होतं का, हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती खाली आले! खाली आलेल्या हातांनो, पुढचा अर्धा तास तुमचा.

माझी गाडी, कंपनीचं नाव घेत नाही, दुसऱ्या वर्षी आजारी पडली. दुखणी तीन. एक, हे असं लागून बंद पडणं. दोन, रस्त्यात चालता चालता दारांची कुलपं आपोआप उघडणं. आणि तीन, रात्री अडीच-तीनच्या सुमाराला भोंगा. भोंगा वाजला की मी खाली, शेजारी खिडकीत, आणि गाडीजवळ कोणीही नाही.

या सगळ्यात सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट ही, की गाडी माझ्या हाताला सुरू व्हायची नाही आणि यांच्या हाताला पहिल्या झटक्यात लागायची. यांनी काही दिवस हातगुणाची भाषा केली. घरात ते चालून गेलं. पण वर्कशॉपमध्ये काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला, “मॅडम, किल्ली नीट पूर्ण फिरवत जा.” मी तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा दर वर्षी फळ्यावर मांडला. त्या दिवशीचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये असंच मला वाटतं.

आता तो धडा इथं दोन मिनिटांत घेते. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते. तिला सेल नसतो. रिमोटच्या बटणांसाठी जो चपटा सेल घालतो तो वेगळा. तो संपला म्हणून ही चिप मुकी होत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली घालून फिरवली की त्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तनं करणारा, उलटसुलट वाहणारा प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र चिपमधल्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करतं आणि तेवढ्या उसन्या विजेवर चिप जागी होते. फॅरेडेनं १८३१ साली जे दाखवलं, तेच. मग गाडी तिला एक आकडा देते. चिप आपल्या पोटातलं गुपित वापरून त्या आकड्याचं उत्तर काढते. उत्तर जुळलं तर इंजिनाला पेट्रोल मिळतं, नाहीतर नाही. अनेक गाड्यांत ही पडताळणी होईतो इंजिन क्षणभर चालू दिलेलं असतं, म्हणून ते लागतं आणि बंद पडतं. हाच इमोबिलायझर. म्हणजे किल्ली फिरवण्यात तुमच्या मनगटाचं काम फार थोडं आहे. खरी बोलणी चिप आणि वेटोळं यांच्यात चाललेली असतात.

हे एकदम असं झालं नाही. १९८६ च्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये किल्लीच्या पात्यावर एक साधा रेझिस्टर बसवलेला होता. गाडी त्याचा रोध मोजायची. रेझिस्टर पंधरा प्रकारचे, म्हणजे गुपितंही पंधराच! तरी त्या काळी ते मोठं पाऊल होतं. आमच्याकडे विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत पंधरा रेझिस्टर मोजायला एक तास लागायचा नाही. पुढं युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात २००७ पासून.

हकीगतीकडे येते. वर्कशॉपनं काय केलं? स्कॅनर लावला, ‘किल्ली ओळखली नाही’ असा कोड आला, आणि किल्ली बदलली. मग कुलपाभोवतीचं वेटोळं बदललं. मग सेंट्रल लॉकिंगचं युनिट. शेवटी इसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. चार वस्तू बदलल्या आणि दुखणी तीनच्या तीन जागच्या जागी. स्कॅनर खोटं बोलत नव्हता. किल्ली ओळखली नाही, हे खरंच होतं. का ओळखली नाही, हे तो सांगत नव्हता आणि कोणी विचारतही नव्हतं.

मग मी वही केली. साधी शंभर पानी वही. रकाने असे आखले: तारीख, वेळ, गाडी कोणी सुरू केली, कोणत्या किल्लीनं, आदल्या बारा तासांत पाऊस पडला होता का किंवा गाडी धुतली होती का, शेवटचं कोणतं दार उघडलं, आणि बॅटरीचा व्होल्टेज. व्होल्टेजचा रकाना विसरू नका. रात्रभर उभ्या असलेल्या धडधाकट बॅटरीवर साडेबाराच्या वर व्होल्ट दिसले पाहिजेत. सेल मारताना काटा साडेनऊच्या खाली जात असेल तर किल्लीवर आळ घेण्याआधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा. व्होल्टेज खाली गेला की आतले छोटे मेंदू अर्धवट बोलतात आणि बदनाम होते किल्ली.

माझी बॅटरी ठणठणीत होती. अकरा आठवड्यांनी वही उघडून बसले. लागून बंद पडण्याच्या एकोणीस नोंदी, सगळ्या माझ्या नावावर. यांच्या नावावर एकही नाही. यांनी मान डोलावली. पण मी शेजारचा रकाना बघत होते. माझी किल्ली जुडग्यात होती, यांची एकटी. आणि माझ्या जुडग्यात घराच्या किल्ल्यांबरोबर लेकीच्या गाडीची जादा किल्ली होती.

तुमच्यातल्या काहींच्या लक्षात आलंय, चेहऱ्यावर दिसतंय. त्या किल्लीतही चिप! वेटोळ्याचं क्षेत्र एकाच चिपपुरतं थांबत नाही. ते खाली लोंबणाऱ्या दुसऱ्या चिपलाही जागं करतं. दोघी एकदम बोलायला लागल्या की गाडीला गोंगाट ऐकू येतो. दुसरी किल्ली जरा लांब लोंबली तर काही होत नाही, जवळ आली तर घोटाळा. म्हणून दुखणं कधी असतं, कधी नसतं. मी त्याच संध्याकाळी चाळीस वेळा गाडी सुरू करून पाहिली. वीस वेळा जुडग्यानं, वीस वेळा सुट्या किल्लीनं. सुट्या किल्लीनं एकदाही बंद पडली नाही. जुडग्यानं सात वेळा पडली. लेकीची किल्ली काढून पुन्हा जुडगा लावला, तर पुन्हा एकदाही नाही. यांना मी अंगणातच बोलावून दाखवलं. इसीएम बदलून आमच्या खिशाला जो खड्डा पडला, त्याचा उपाय एका कडीतून एक किल्ली काढण्याइतका होता.

जुडग्याबद्दल आणखी एक, विषयांतर होतंय पण महत्त्वाचं आहे. जनरल मोटर्सनं २०१४ साली सुमारे सव्वीस लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या इग्निशन स्विचचा खटका इतका सैल होता की जड जुडग्याच्या ओढीनं किंवा धक्क्यानं किल्ली चालत्या गाडीत मागं फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. यात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट ही की स्विच मध्येच सुधारला गेला होता, पण सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला. त्यामुळे शोध घेणाऱ्यांना जुन्या आणि नव्या गाड्यांतला फरक कितीतरी काळ उमगला नाही. नोंद न ठेवल्यानं माणसं दगावतात. तेव्हा कडीत जे लोंबतंय ते आज घरी गेल्यावर कमी करा.

उरलेली दोन दुखणीही वहीतच सापडली. भोंग्याच्या सगळ्या रात्री गाडी धुतल्यानंतरच्या किंवा पावसानंतरच्या. बॉनेटच्या खाली एक छोटा स्विच असतो, बॉनेट उघडलं की भोंग्याला कळवणारा. त्याच्यात ओल जायची, सकाळपर्यंत सुकायची, आणि वर्कशॉपमध्ये गाडी पोचेतो तो साळसूद. आणि आपोआप उघडणारी कुलपं? चालकाचं दार आणि खांब यांच्या मध्ये रबरी नळीतून वायरी जातात. दार हजारो वेळा उघडमीट झालं की आतलं तांबं तुटतं, वरचं वेष्टण मात्र शाबूत. वरून पाहणाऱ्याला वायर धडधाकट दिसते. दार हलवत हलवत मल्टिमीटर लावला तेव्हा तुटलेली वायर सापडली. तीन दुखणी, तीन कारणं, आणि त्या चार नव्या वस्तूंशी एकाचाही संबंध नाही. सगळे एकाच रोगाचं नाव शोधत होते.

बटणानं सुरू होणाऱ्या गाड्यांबद्दल एकच. बटण दाबून गाडी सेल घेत नसेल तर कोणाला तरी मागं उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे ब्रेकचे दिवे लागतात का बघा. ब्रेकचा स्विच गेलेला असला तर पाय ब्रेकवर आहे हे गाडीला कळतच नाही, आणि दोष किल्लीच्या माथी बसतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता भरभर सांगावा लागणार, आणि तो टाळायचा नाही.

किल्ली बदलली तेव्हा मी वर्कशॉपला माझ्या गाडीचा किल्ली-कोड मागितला. उत्तर आलं, “तो ग्राहकाला देत नाही.” गाडी माझी, कर्ज मी फेडलेलं, आणि तिच्या कुलपाचं गुपित मला सांगायचं नाही. कारण विचारलं तर सुरक्षितता.

हे कारण तपासू. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी लाखो किल्ल्यांमधली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप फोडली. तिचं गुपित अवघं ४० बिटांचं, म्हणजे शून्य-एकच्या चाळीस जागांचं होतं. २०१३ साली मेगामोस नावाच्या चिपमधला दोष दाखवणारा शोधनिबंध ब्रिटनच्या न्यायालयानं रोखला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षं मालकांना तपशील कळला नाही, पण चिपमधला दोष होता तिथंच होता. २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा बिनकिल्लीच्या, म्हणजे किल्ली खिशात असली तरी उघडणाऱ्या आणि सुरू होणाऱ्या, गाड्या घेतल्या. गाडी आणि दूर असलेली किल्ली यांच्यातला संदेश लांबवर पोचवून त्यांनी दहाही गाड्या उघडून सुरू केल्या. गुपिताला हातही लावावा लागला नाही. आणि २०२३ साली उजेडात आलेली पद्धत तर हेडलाइटमागच्या वायरीतून गाडीच्या आतल्या तारांवर खोटे संदेश सोडण्याची. चोर किल्ली मागतच नाही. कोड लपवून ठेवल्यानं अडतो कोण? ज्याची शेवटची किल्ली हरवली तो मालक.

फियाटच्या १९९० च्या दशकातल्या गाड्यांना एक लाल किल्ली मिळायची. नव्या किल्ल्या गाडीला ओळखवून द्यायच्या त्या तिच्याच साक्षीनं. ती हरवली की मोठी आफत, हे खरं. पण तो अधिकार मालकाच्या घरात, मालकाच्या कपाटात होता. आज अनेक गाड्यांत तो दूरच्या सर्व्हरवर आहे. अमेरिकेत नोंदणीकृत कुलूपवाल्यांना आणि युरोपात सर्मी योजनेत मान्यता मिळालेल्या गॅरेजना अशी माहिती तपासून दिली जाते. म्हणजे ओळख पटवून माहिती देता येते. मग मालकाची ओळख पटवणं अवघड कसं?

माझी मागणी लेखी आहे, बाहेरच्या टेबलावर प्रती ठेवल्यात. गाडी देताना बंद पाकिटात किल्लीचा कोड द्यावा. गाडीला किती किल्ल्या ओळखवलेल्या आहेत तो आकडा बिलावर लिहावा. काढलेला प्रत्येक जुना भाग मालकाला दाखवावा आणि तो कोणत्या चाचणीत नापास झाला ते लिहून द्यावं. जुनी गाडी घेणाऱ्यांनो, तुम्ही आजच हे करू शकता: स्कॅनरवर नोंदलेल्या किल्ल्या मोजून घ्या, आणि हातात दोन असून आकडा तीन निघाला तर सगळ्या पुसून आपल्या दोनच पुन्हा ओळखवून घ्या. तिसरी कोणाच्या तरी खिशात आहे.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही असं म्हणतायत. मी बाहेर टेबलापाशी मल्टिमीटर घेऊन बसणार आहे. ज्यांच्या जुडग्यात दोन गाड्यांच्या किल्ल्या आहेत, त्यांनी आधी यावं. येताना दुसरी किल्ली कडीतून काढूनच या.