याहवे आणि 'त्याची अशेरा'

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते अशेरेविषयी. प्राचीन हिब्रू लोकांच्या वेदीशेजारी, आणि काही काळ तर थेट जेरुसलेमच्या मंदिरात पुजल्या गेलेल्या मातृदेवतेविषयी.

एकेश्वरवादाचा विषय निघाला की हिब्रूंचं नाव पहिलं येतं. पण त्यांचा धर्म पहिल्या दिवसापासून तसा नव्हता. याहवे, म्हणजे मराठी वाचकांच्या ओळखीचा यहोवा, याच्या वेदीजवळ कित्येक शतकं एक लाकडी खांब उभा केला जाई. त्या खांबाला अशेरा म्हणत आणि देवीचं नावही अशेराच. ही परक्यांकडून शिरलेली विकृती, असं बायबलचे लेखक आपल्याला बजावतात. पुराव्याचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर ती घरचीच होती असं म्हणावं लागतं.

आधी तिचं कूळ पाहू. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा नावाचं ठिकाण आहे. १९२८ साली त्याच्या जवळच एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या थडग्याचा दगड लागला. पुढच्या वर्षी रास शामऱ्यात उत्खनन सुरू झालं आणि उगारित हे शहर वर आलं. ते इ.स.पू. ११८५च्या सुमारास उद्ध्वस्त झालेलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर ३० चिन्हांच्या कीलाकार वर्णमालेत लिहिलेली काव्यं आहेत. त्यांत ही देवी अथिरत या नावानं येते. सर्वोच्च देव एल याची ती पत्नी, देवांची जननी, सत्तर पुत्रांची आई, 'सागराची स्वामिनी'. बाल या वादळाच्या देवाला महाल हवा असतो, पण एलकडे शब्द टाकायचा तर तो अथिरतनंच. म्हणून बाल आणि त्याची बहीण अनत सोन्याचांदीच्या भेटी घेऊन तिच्याकडे जातात, तेव्हा ती समुद्रकाठी हातात सूत कातायची चाती घेऊन असते. ही चाती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हिब्रू बायबलमध्ये 'अशेरा' हा शब्द ४० वेळा आला आहे. काही ठिकाणी तो देवीचा आहे, पण बहुतेक ठिकाणी वस्तूचा. तिच्यासोबतची क्रियापदं बघा : लावणं, उभी करणं, तोडणं, उपटणं, जाळणं. म्हणजे वस्तू लाकडाची, एक तर जिवंत झाड, नाही तर झाडाचा खांब. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात स्पष्ट मनाई आहे, की परमेश्वराच्या वेदीजवळ कुठल्याही झाडाची अशेरा लावू नका. लोक जे करतच नव्हते त्यावर बंदी घालायची गरज कुणाला पडली असती?

खांबाचं माप कुठं दिलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकात गिदोन नावाचा पुढारी आपल्या बापाच्या बालवेदीजवळची अशेरा तोडतो. दिवसा करायची हिंमत नसते, म्हणून दहा नोकर घेऊन रात्री. आणि त्याच लाकडावर तो अख्ख्या बैलाचं होमार्पण करतो. बैल पूर्ण जळेल इतकं सरपण निघालं, म्हणजे ती काही हातभर काठी नव्हे. शिवाय तो बाप चांगला इस्राएली कुळातला. लाकूड कुजतं, जळतं, त्यामुळे निर्विवाद म्हणावा असा एकही खांब आजवर हाती लागलेला नाही.

आता राजधान्यांकडे. याहवेचा संदेष्टा एलीया यानं कर्मेल डोंगरावर बालाचे ४५० संदेष्टे आणि अशेरेचे ४०० बोलावले. (कोकणातले बेने इस्राएल मलिद्याचं ताट मांडून ज्या एलियाहू हन्नबीचं नाव घेतात, तोच हा एलीया.) पण गोष्ट पुढे वाचा : सामना होतो तो बालाच्या ४५० जणांशी, मारले जातात ते बालाचे. अशेरेच्या ४०० जणांचं पुढे काय झालं, हिब्रू संहितेत एक शब्द नाही. नंतर येहू राजा उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीतलं, शोमरोनातलं, बालाचं मंदिर जमीनदोस्त करतो, आणि तरी त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत शहरातली अशेरा जागेवरच असते. बालाचा द्वेष करणाऱ्यांना अशेरा खटकत नव्हती. मला हा सगळ्यांत बोलका पुरावा वाटतो, कारण तो विरोधकांच्याच लेखणीतून निसटलेला आहे.

दक्षिणेकडच्या यहूदा राज्याच्या राजधानीत, जेरुसलेममध्ये, आसा राजानं राजमाता माकाला पदावरून काढलं, कारण तिनं अशेरेसाठी मूर्ती केली होती. पुढे मनश्शे राजानं अशेरेची कोरीव मूर्ती थेट मंदिरात बसवली. इ.स.पू. ६२२च्या सुमारास योशीया राजानं ती बाहेर काढली, किद्रोन ओढ्यापाशी जाळली, तिचं चूर्ण केलं आणि ते सामान्य लोकांच्या थडग्यांवर फेकलं. म्हणजे ते चूर्णही अपवित्र आणि परत जमवायला काही शिल्लक नाही. त्याच वर्णनात मंदिराच्या आवारातली खोल्यांची एक रांग पाडल्याचं येतं, जिथं बायका अशेरेसाठी विणकाम करत. काय विणत, पडदे की वस्त्रं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण उगारितच्या देवीच्या हातातली चाती इथं आठवल्याशिवाय राहत नाही.

बायबलबाहेरचा पुरावा तर थक्क करणारा आहे. ईशान्य सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लत अजरूद इथं १९७५-७६ साली झेएव मेशेल यांनी खोदकाम केलं. इ.स.पू. ८००च्या आसपासचं हे ठाणं. दोन प्रचंड रांजणांवर शाईनं आशीर्वाद लिहिलेले : 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा', 'तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा'. हेब्रोनजवळ खिर्बेत अल-कोम इथल्या थडग्यातही उरियाहू नावाच्या माणसासाठी तसाच लेख आहे. रांजणावर दोन उभ्या आकृती आहेत, आणि 'हेच ते जोडपं' म्हणून त्यांचे फोटो सर्रास फिरतात. तिथं जपून. लेखाच्या ओळी एका आकृतीच्या मुकुटावरून गेल्या आहेत, म्हणजे चित्र आणि मजकूर एकाच वेळचे नसावेत. आकृत्याही इजिप्तच्या बेस देवाच्या धाटणीच्या. दुसरी अडचण व्याकरणाची : हिब्रूत विशेषनामाला 'त्याची' असा प्रत्यय सहसा लागत नाही, म्हणून काहीजण इथं देवी न मानता खांब मानतात. मानला तरी आशीर्वाद मागायचा तो याहवे आणि त्या खांबाच्या नावानं, हे उरतंच.

घरातली पूजा कशी होती? यहूदाच्या प्रदेशात इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतल्या मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी सापडल्या आहेत, वीतभर उंचीच्या, बऱ्याचशा राहत्या घरांत. धड हातानं वळलेलं, भरीव, खाली पसरट म्हणजे मूर्ती उभी राहते. हात स्तनांखाली धरलेले. डोकं दोन तऱ्हांचं. साध्या मूर्तीत ओल्या मातीला चिमटा काढला की मधे नाक आणि दोन बाजूंना डोळ्यांच्या खोबणी तयार. दुसऱ्या तऱ्हेत चेहरा साच्यात दाबून काढायचा, कपाळावर कुरळ्या बटांच्या ओळी, खाली मातीची खुंटी ठेवायची आणि ती मानेच्या खाचेत बसवून भाजायचं. मग पांढरा लेप, त्यावर लाल, पिवळा, काळा रंग. हा सांधाच कच्चा, म्हणून डोकी आणि धडं वेगवेगळी सापडतात. योशीयाच्या माणसांनी फोडल्या, हे सांगायला छान आहे, पण तुटल्याच्या जागा मुद्दाम फोडल्याची साक्ष देत नाहीत. एकाही मूर्तीवर नाव नाही. त्यामुळे ही अशेराच, हे अनुमान आहे. मला पटणारं, पण अनुमानच.

एक घोटाळा टाळायला हवा. यिर्मया हा संदेष्टा ज्या 'आकाशाच्या राणी'वर चिडतो, ती अशेरा असेलच असं नाही; अष्टार्ता किंवा इश्तार या शेजारच्या लोकांच्या देवींपैकीही कुणी असू शकते. त्या पूजेत मात्र अख्खं घर गुंतलेलं दिसतं : मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळून देवीसाठी पोळ्या करतात. जेरुसलेम पडल्यावर इजिप्तला गेलेल्या बायका यिर्मयाला तोंडावर सांगतात, की राणीला धूप दाखवणं थांबवलं तेव्हापासूनच आमचे हाल सुरू झाले.

इजिप्तमध्येच, नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर, पर्शियन राजाच्या नोकरीतल्या यहुदी शिपायांची वस्ती होती. त्यांचं स्वतःचं याहोमंदिर होतं; याहो म्हणजे याहवेच. तिथल्या एका पपायरसवर वर्गणीची यादी आहे, माणशी २ शेकेल चांदी. मथळ्यात नाव एकट्या याहोचं. शेवटच्या हिशेबात मात्र तीन खाती निघतात : याहोसाठी १२ कर्श ६ शेकेल, एशेम-बेथेल या देवासाठी ७ कर्श, आणि अनत-बेथेल या देवीसाठी १२ कर्श. ही अनत, अशेरा नव्हे. एका कर्शाचे १० शेकेल धरले, तर देवाच्या १२६ शेकेलांशेजारी देवीचे १२० होतात.